जिवाचा नांगर

नागपूरच्याच एका ताईंचं पत्र आलं आहे. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या मिस्टरांना लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, बोलणं अडखळतं. बुटीबोरीची नोकरी सुटली. मुलगी बारावीला आहे. ताई लिहितात : "प्रार्थनेला बसते, पण तोंडातून शब्द निघत नाही. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, घरात काही पाप दडलेलं असेल, नाहीतर तुमचा विश्वास कमी पडतोय. रविवारी मागच्या बाकावर बसते आणि शेवटच्या आशीर्वादाआधी उठून येते, कारण दारात सगळे 'कसे आहेत आता?' विचारतात आणि मला रडू येतं. ख्रिस्ती माणसाला आशा असते म्हणतात. ती आणायची कुठून?"

ताई, सलाम.

मी ३२ वर्षं पाळकी केली. त्यातली बहुतेक वर्षं दर गुरुवारी दुपारी मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या, वॉर्डांत जात होतो. गुडघे साथ देतात तेव्हा अजूनही जातो. त्यामुळे माझं उत्तर वेदीजवळून कमी आणि खाटेशेजारच्या स्टुलावरून जास्त येईल.

आधी त्या बाईंचं बोलणं निकालात काढू. तुमच्या पत्रात लकव्यापेक्षा ते जास्त सलतंय. योहानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य नेमकं हेच विचारतात : पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. इतकं स्वच्छ उत्तर मिळूनसुद्धा आपण तोच प्रश्न घेऊन लोकांच्या घरी जातो. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की लकवा येतो. तुमच्या घरात कोण कधी खोटं बोललं याची त्या रक्तवाहिनीला खबर नसते.

आणि विश्वास कमी म्हणून संकट, हा हिशेब धरला तर मोठी पंचाईत होईल. तुमच्या मिस्टरांच्या बुटीबोरीजवळच टाकळघाट आहे. तिथली प्राचीन दगडी वर्तुळं पाहायला गेलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. वय ४५. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं, ते त्यांनी पाहिलंच नाही. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली. तेव्हा रमाबाई मराठी बायबलच्या भाषांतराचं काम उरकत होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. या दोघांचा विश्वास कमी पडला असं त्या बाईंना म्हणायचं असेल तर त्यांनी तसं म्हणावं, मी खुर्ची देतो बसायला.

राग मात्र धरू नका. घाबरलेलं माणूस कारण शोधतं. तुमच्या घरच्या दुखण्याला तुमच्या घरातलं कारण सापडलं की ते आपल्या घरी येणार नाही, अशी मनाची समजूत घालता येते. हे मला ठाऊक आहे कारण मीही एकदा तेच केलं आहे.

पाळकीचं तिसरं वर्ष. मे महिना, एका हॉस्पिटलचा व्हरांडा, लू चालत होती. पाच वर्षांचा मुलगा तापाने गेला होता. आई भिंतीला टेकून उभी होती, हातात स्टीलचा डबा. मुलाने सकाळी वरण-भात मागितला म्हणून ती घरी जाऊन करून घेऊन आली होती, आणि तेवढ्यात सगळं संपलं होतं. मी नवा, कोरा, बोलायला उतावीळ. म्हणालो, देवाची इच्छा, बाई. ती डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पास्टर, हा भात आता कोणाला देऊ?"

माझ्याजवळ बायबल होतं, उपासना संगीताचं पुस्तक होतं, आणि या प्रश्नाला एक वचन सापडेना. वॉर्डातल्या एका मावशींनी पुढे होऊन तिच्या हातातून डबा घेतला, खाली बसल्या आणि तिला ओढून मांडीवर टेकवून घेतलं. बोलल्या काहीच नाहीत. बायबलातला ईयोब सगळं गमावून बसला, तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यापासून चुकत गेले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबावर नाही, त्या मित्रांवर रागावला. मी तेव्हापासून वॉर्डात पहिली दहा मिनिटं काही बोलत नाही.

आता तुमच्या शब्द न येण्याविषयी. ताई, आपल्या मंडळ्यांत एक वाईट सवय आहे. प्रार्थना म्हणजे चांगलं चांगलं बोलायचं, आधी उपकारस्तुती, मग विनंती, आवाज गोड. शास्त्रात तसं नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यातला तिसरा हिस्सा तरी तक्रार आणि विलाप आहे. आपण २३ वं पाठ करतो, १०३ वं वाचतो. ८८ वं स्तोत्र रविवारच्या उपासनेत मी क्वचितच ऐकलं असेल. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच थांबतं. शेवटी कुठेही 'तरीपण मी तुझी स्तुती करीन' येत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. ज्या कोणी ते लिहिलं त्याच्याजवळ त्या दिवशी देवाशी भांडण्यापलीकडे काही नव्हतं, आणि भांडण देवाशीच होतं, दुसऱ्या कोणाशी नाही. मी याला विश्वास म्हणतो. खुद्द येशूने वधस्तंभावरून हाक मारली ती २२ व्या स्तोत्राची : माझ्या देवा, माझा त्याग का केलास?

म्हणून एक काम सांगतो. १३ वं स्तोत्र काढा. लहानसं आहे, सहा ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर' हा शब्द चार वेळा येतो. मेडिकल स्टोअरचं एखादं जुनं बिल घ्या, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने आपले चार 'कोठवर' लिहा. शुद्धलेखन नको, भाषा घरची चालेल. डायलिसिसवर असलेल्या एका पेशंटच्या बायकोने लिहिलं होतं : कोठवर पहाटे चारला उठू, कोठवर रिक्षावाल्याशी भाव करू, कोठवर सासूबाईंना बरं आहे म्हणून सांगू, कोठवर तू ऐकत नाहीस. हेच वाचायचं, मोठ्याने, देवाचं नाव घेऊन. झाली प्रार्थना. तेही जमलं नाही तर नुसतं बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल लिहितो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो. शब्द नाहीत म्हणजे प्रार्थना नाही, असं पौलाचं म्हणणं नव्हतं.

तर आशा. आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत कॅलेंडरवर यिर्मया संदेष्ट्याचं एक वचन असतं, २९ व्या अध्यायातली ११ वी ओवी. तुमच्याविषयी माझे जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. सुंदर आहे. पण कॅलेंडरवाले त्याच्या आधीची, दहावी ओवी छापत नाहीत. तीत ७० वर्षं लिहिली आहेत. हे पत्र यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना आहे. तेव्हा यरुशलेमेत 'दोन वर्षांत ते परत येतील' असं सांगणारा एक संदेष्टा जोरात होता, आणि यिर्मया त्याला खोटा म्हणत होता. पत्रात यिर्मया सांगतो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. म्हणजे लवकर सुटका नाही, पण देव तिथे, त्या परक्या गावातही आहे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण 'मार्चपर्यंत ते चालायला लागतील' असं वचन तुम्हाला कोणी देवाच्या नावाने देईल. देवाने तसं कुठे म्हटलेलं मला सापडलेलं नाही. लागतील कदाचित चालायला, मी रोज मागतो आहे. पण आशा त्या तारखेवर टांगली तर तारखेबरोबर तीही जाईल.

मग ती कशावर टांगायची? ख्रिस्ती माणसाचं उत्तर एकच आहे, आणि ते सोपं करून सांगता येत नाही. ज्याला मारलं, ज्याच्या मित्रांनी पळ काढला, ज्याला गुहेत ठेवून तोंडाशी धोंड लावली, त्याला देवाने उठवलं. आणि उठल्यावरही त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. थोमा या शिष्याला त्याने तेच दाखवले. मला यातला दुसरा भाग जास्त धीर देतो. देवाने व्रण पुसून टाकले नाहीत. तुमचे हे आठ महिने घडलेच नव्हते असं कधी होणार नाही, पण शेवटचा शब्द त्यांचा नाही.

हे झालं शिकवणुकीचं. रोजच्या जगण्यात आशा कशी दिसते हे मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शिकवलं. ख्रिस्ती नव्हता, काटोलकडचा होता, बैलगाडीवरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजारच्या खाटेवर आमच्या मंडळीतला एक जण होता, त्याला मी इब्री लोकांस पत्रातलं वचन वाचून दाखवत होतो : आशा ही जिवाचा नांगर आहे. समजावून सांगायला लागलो तेवढ्यात म्हातारा पलीकडून म्हणाला, "पास्टरसाहेब, नांगर त जमीन फाडते जी. जिवाले कायले पाह्यजे थो?"

मला हसू आलं. विदर्भाला समुद्र नाही. नांगर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बैलजोडी नाहीतर ट्रॅक्टर येतो. मी त्याला जहाजाचा नांगर समजावला : लोखंडी असतो, साखळीने तळाशी सोडतात, वादळात जहाज वाहून जात नाही. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते असन. पन आमचा बी चुकीचा नाई. आमी मईत नांगरतो. आभायात ढग नसते, पानी येईन का नाई कोनाले ठाव. पानी आल्यावर नांगरून मंग काय उपेग?"

मूळ ग्रीकमध्ये जहाजाचाच नांगर आहे, भाषांतरकारांचं काही चुकलेलं नाही. तरी गेली वीसेक वर्षं मी त्या वचनावर बोलताना दोन्ही नांगर सांगतो. जहाजाचा नांगर वादळ थांबवत नाही, जहाज धरून ठेवतो. शेतातला नांगर पाऊस आणत नाही, पाऊस आला तर तो मुरेल अशी जमीन करून ठेवतो. यिर्मयानेच पुढे ३२ व्या अध्यायात असंच एक काम केलं आहे. यरुशलेमेला वेढा पडलेला, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशा वेळी त्याने अनाथोथ गावचं शेत विकत घेतलं. १७ शेकेल रुपं मोजून दिलं, साक्षीदार लावले, खरेदीखत मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगितलं. आजच्या भाषेत, शहर पडायच्या आदल्या वर्षी प्लॉटची रजिस्ट्री केली. शहर पडलं ते पडलंच. पण या देशात पुन्हा शेतं घेतली जातील, हे त्याने असं करून दाखवलं.

तुम्ही पत्रात सहज लिहिलं आहे की फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम तुम्ही रोज दोन वेळा त्यांच्या हाताला देता, बोटं एक एक करून उघडता, आणि 'काही फरक नाही'. ताई, ही मईतली, मे महिन्यातली नांगरणी आहे. तुम्ही आशा शोधायला निघालात, आणि ती रोज सकाळी तुमच्याच हातून होते आहे. तिच्याबरोबर उत्साह येत नाही म्हणून तुम्ही तिला ओळखलं नाही.

आता काही व्यवहाराचं. ही बाजू आमचे पाळक सोडून देतात.

लकवा झालेल्यांपैकी साधारण दर तिघांत एकाला पुढे नैराश्य येतं. तो आजाराचाच भाग आहे, त्यावर औषध आहे. मिस्टर जेवण टाकत असतील, विनाकारण रडत किंवा चिडत असतील, व्यायामाला नकार देत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आणि स्वतःकडेही पाहा. एलीयासारखा संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. देवाने त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. देवदूत आला, गरम भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. पुढचं बोलणं चाळीस दिवसांनी. म्हणून विचारतो : तुम्ही शेवटचं गरम कधी जेवलात? रात्री सलग किती झोपता? आपणच संपून जावं असं कधी मनात आलं, तर प्रार्थनेची वाट पाहत बसू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा फोन केला म्हणून विश्वास कमी होत नाही. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता.

आणि तेलवाले येतील. आले नसतील तर येतील. वडीलजनांनी तेल लावून आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी असं याकोबाच्या पत्रात आहे, आणि मी अनेकांना तेल लावलं आहे. पण त्या तेलाची किंमत नसते आणि त्याच्यासाठी कोणी बीपीची गोळी बंद करायला सांगत नाही. ज्याने या दोनपैकी एकही गोष्ट केली त्याला चहा पाजा आणि दार लावा.

राहिला मागच्या बाकाचा विषय. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमची ती गोष्ट आहे, चौघं जण एका पक्षघाती माणसाला खाटेवर उचलून आणतात. गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकरतात, खाट खाली सोडतात. (छप्पर नंतर कोणी दुरुस्त केलं हे मार्क सांगत नाही. मला वाटतं त्याच चौघांनी केलं असावं.) पुढचं वाक्य हळू वाचा. 'त्यांचा विश्वास पाहून' येशू त्या पक्षघात्याशी बोलला. त्याचा नाही, त्यांचा. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, होता की नव्हता, मार्काने एक अक्षर लिहिलेलं नाही.

माझ्यावर हे येऊन गेलं आहे. २०२१ च्या एप्रिलात नागपुरात काय चाललं होतं हे तुम्हाला सांगायला नको. कधी दिवसाला दोन दफनं, पीपीई किटमध्ये घामाने डबडबलेला, कबरीपाशी घरचं एखादंच माणूस, तेही लांब उभं. मे उजाडला तेव्हा माझी प्रार्थना बंद पडली होती. पाळक म्हणून तोंडाने म्हणत होतो, आत काही हलत नव्हतं. मी बायकोला सांगितलं. तिला धक्का बसेल वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं. मग सध्या मी करते, तुम्ही बसा." रोज रात्री कूलरच्या घरघरीत ती एक स्तोत्र वाचायची आणि मी ऐकायचो. ऑगस्टपर्यंत असं चाललं. त्या चार महिन्यांत आमच्या घरातला विश्वास तिचा होता, मी त्यावर जगलो.

तेव्हा तुम्हाला चौघं हवेत, खाटेच्या चार कोपऱ्यांना. चौघांचे विचार जुळलेच पाहिजेत असं नाही. एक जण मिस्टरांना तपासणीला नेताना सोबत येणारा, म्हणजे दर वेळी तुमचे खाडे होणार नाहीत. एक जण मुलीच्या केमिस्ट्रीकडे पाहणारा, मंडळीच्या तरुण संघात बीएस्सी झालेली पोरं असतात, त्यांना काम द्या, नुसती गिटार वाजवतात. एक जण असा की ज्याला कागदपत्रं कळतात : महात्मा फुले जन आरोग्य योजना, दिव्यांगत्वाचा दाखला, कंपनीकडून निघणारे पीएफचे पैसे. आणि एक जण नुसता येऊन बसणारा. तुमच्या पाळकांना हे असंच, माणसं मोजून सांगा. 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हटलं की सगळे हो म्हणतात. 'गुरुवारी दहा वाजता रिक्षात उचलायला एक माणूस लागतो' म्हटलं की मंडळीत कोण आहे ते कळतं.

या रविवारी आणखी एक करून पाहा. मागच्याच बाकावर बसा, दाराजवळ. गाणं म्हणवत नसेल तर म्हणू नका, पुस्तक उघडं ठेवा. पण आशीर्वादाआधी उठू नका, दोनच मिनिटांचा असतो. पाळक हात वर करतील तेव्हा मान खाली घाला. शेवटचं 'आमेन' तुमच्या तोंडून आलं नाही तरी शेजारची म्हातारी म्हणेल. आणि दारात कोणी 'कसे आहेत?' विचारलं तर 'बरे आहेत' म्हणू नका. 'तसेच आहेत, चहाला घरी या' म्हणा. जे घरी येतील, त्यांतलेच तुमचे चार कोपरे.